माझ्या बडबडीचे बुडबुडे

आमची लेक अमेरिकेत असते. टेक्सासात. तिच्याशी रोज फोन होतो आणि तो साधारण असा होतो.

"जेवली का वं?"

"हाव."

"काय जेवली?"

"जेवण."

यापुढे मी बोलते. बुलडाण्यात नळाला पाणी कधी आलं, समोरच्यांनी गेटाला कोणता रंग दिला आणि तो मला का आवडला नाही, ऑफिसात कोणाचा निरोप समारंभ झाला, तिच्या बाबांनी वरणात मीठ दोनदा कसं टाकलं. तिकडून मधून मधून "हं" येतो. बराच वेळ "हं" आला नाही की मी विचारते, "हायेस का?" ती म्हणते, "हाव, हाये." मग मी पुढे चालू. तिचे बाबा म्हणतात, "तिच्या आयुष्यात काय चाललं हे तिले विचारत जाय न कधी." आता मी विचारत नाही असं नाही. विचारते. उत्तर यायच्या आत मला दुसरं काहीतरी आठवतं, एवढंच.

म्हणून ती एके दिवशी सलग चार वाक्यं बोलली तेव्हा मी पलंगावर बसून घेतलं. म्हटलं, नोकरी गेली की काय. तसं काही नव्हतं. ती म्हणाली, "आई, तू यंदा इकडे येऊन राह्यली न, तर आपण कॅरिबियनमध्ये जाऊ. आठवडाभर बोटीवर राहाचं. सिलिंडर लावून समुद्राच्या खाली जाचं. तुले पोहता येते, तुले जमते."

तिचे बाबा पलीकडून ऐकत होते. "हे कुठी आलं?"

"वेस्ट इंडीजकडं."

"म्याच हाये का?"

म्याच नाही म्हटल्यावर त्यांचा उत्साह संपला. तसेही ते येणार नव्हतेच. राजूरच्या घाटात मोताळ्याच्या बसमध्ये लिंबू हुंगत बसणारा माणूस. समुद्र त्यांनी टीव्हीवर पाहिला तरी खिडकी उघडतात. माझी नणंद भेटायला आली, तिला सगळं समजावून सांगितलं: बोट किनाऱ्याला लागतच नाही, तिच्यावरच राहायचं, सकाळी बुडायचं, खायचं, पुन्हा बुडायचं, झोपायचं, उठून पुन्हा बुडायचं. ती सगळं ऐकून म्हणाली, "कर्जानं बुडणारे लय पाह्यले व वहिनी. हौसेनं बुडणारी पहिलीच."

मला पोहता येतं हे मात्र खरं. उंद्रीला आमच्या शेतात बांधीव विहीर होती. बाबांनी माझ्या पाठीला गोडेतेलाचा रिकामा डबा बांधला आणि काठावरून ढकलून दिलं. आमच्याकडे पोहायचा वर्ग एवढाच. भावंडांत मुलगी मी एकटी. डबा सुटला तरी शिक्षण पूर्ण होत नसे. छातीत मावेल तेवढी हवा भरायची, ती कोंडून धरायची, तळाशी जायचं आणि मूठभर गाळ वर आणून सगळ्यांना दाखवायचा. मूठ वर दिसली की पास. मी पास झाले होते. पुढे लग्न झालं, बुलडाण्याला आले आणि पोहणं थांबलं. पोहण्याबद्दल बोलणं थांबलं नाही. लेक लहानपणापासून ही गाळाची गोष्ट ऐकत आली. माझ्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी ती घरातली शेवटची व्यक्ती असावी.

टेक्सासात गेल्यावर आधी शिकवणी लागली. एका तलावाच्या काठी, मास्तर माझ्या भाच्याच्या वयाचा. त्याचा पहिला नियम: पाण्याखाली श्वास कधीही कोंडायचा नाही. घेत राहा, सोडत राहा. कोंडून धरून वर आलात तर फुप्फुसाला इजा होते. म्हणजे उंद्रीच्या विहिरीत जे शिकले तेवढंच नेमकं विसरायचं होतं. मी म्हटलं, हरकत नाही, जिल्हा परिषदेत आवक-जावकच्या टेबलावर माझं निम्मं आयुष्य गेलं, श्वासाचीही सांभाळू. तसं ते जमलंही. फक्त परीक्षेच्या दिवशी तलावाच्या तळाला गुडघे टेकले आणि हात आपोआप चालला. वर आल्यावर मी मूठ उंच धरून मास्तरला गाळ दाखवला. तो घाबऱ्या घाबऱ्या म्हणाला, "तुमचं काही हरवलं का खाली?"

लेक काठावर पोट धरून बसली होती. हसताना तिला इतक्या जवळून मी किती दिवसांनी पाहत होते कोण जाणे.

खरं सांगायचं तर मला समुद्रातलं काहीही बघायचं नव्हतं. मासे मला पाण्याबाहेरही फारसे कळत नाहीत. मला लेक हवी होती. रोज ती ऑफिसातून घरी यायची, लॅपटॉप उघडायची, "जेवली?" म्हणायची, आणि झोपायची. बोटीवर ना ऑफिस, ना फोनला रेंज. आठवडाभर जाऊन जाऊन ती जाईल कुठे, असा माझा हिशेब.

ती पाण्याखाली जाईल, हे माझ्या लक्षात बोटीवर चढल्यावर आलं.

बोट छान होती. चढताना सगळ्यांनी चपला काढून एका पेटीत टाकल्या, त्या आठवडाभर तिथेच. अनवाणी फिरायचं. मला एकदम देवळात आल्यासारखं वाटलं. आमची खोली म्हणजे एकावर एक दोन फळ्या आणि मध्ये उभं राहायला एका माणसाची जागा. एकीने केस विंचरले की दुसरीने पलंगावर चढायचं. घंटा वाजली की गाईड फळ्यावर समुद्राचा नकाशा काढायचा: इथे खडक, इथे वाळू, इथून वळायचं. मग सगळे रबरी कपड्यात घुसायचे. हा कपडा गळ्यापासून घोट्यापर्यंत. साडीपेक्षा जास्त अंग झाकतो, पण घालताना गादी उशीच्या अभ्र्यात भरल्यासारखी गत होते. मी आत जात होते आणि लेक वरून खेचत होती.

"आई, श्वास सोड."

"सोडला न! आतमधी जागा तर पाह्यजे त्याले निघाले!"

शेजारच्या खोलीत एक निवृत्त अमेरिकन आजोबा होते. उंच, काटकुळे, गळ्यात कॅमेरा. त्यांनी आयुष्यभर काय नोकरी केली ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण मासे ते पिनकोडसकट ओळखायचे. मला बघून त्यांनी मान झुकवली. मी नमस्कार केला. त्या आठवड्यात आमचं त्याहून फार बोलणं झालं नाही, तरी आमची मैत्री झाली.

पाण्यात कोणी एकट्याने जायचं नसतं. जोडीनेच. एकमेकींची नळी तपासायची, पट्टे ओढून बघायचे, खाली एकमेकींना नजरेआड होऊ द्यायचं नाही. माझी जोडीदार लेक. हा नियम कोणी केला असेल त्याचं भलं होवो, असं मी मनात म्हटलं. आणि उडी मारली.

आता वर असताना जो सिलिंडर पाठ मोडतो तो पाण्यात कुठे जातो कळत नाही. आमच्या विहिरीत हात लांब केला तर हात दिसायचा नाही. इथे खालची वाळू अशी दिसत होती जणू कोणी आत्ताच झाडून गेलंय. धान्याच्या कणगीएवढे पोकळ जीव खडकाला चिकटून बसलेले. जांभळी, जाळीदार, सुपाएवढी पानं पाण्यासोबत हलत होती. आणि एक हिरवा-निळा मासा खडक चावत होता. चक्क आवाज येत होता, कोणी शेजारी बसून फुटाणे खावेत तसा. मी लेकीचा दंड धरला. तिने मान डोलावली. मला इतकं काही वाटून गेलं, की बस.

थोड्याच वेळात लेकीने बोटाने खूण करून माझी हवेची तबकडी मागितली, सिलिंडरात किती हवा उरली ते दाखवणारी. तिने बघितलं. पुन्हा बघितलं. मग गाईडला दाखवलं. काटा जिथे आल्यावर परत फिरायचं असतं, तिथे तो येऊन बसला होता. जोडीतली एक परतली की दुसरीनेही परतायचं, हाही त्याच नियमातला भाग. आम्ही वर आलो. लेकीच्या सिलिंडरात अर्ध्याहून जास्त हवा शिल्लक होती. बाकीची मंडळी बऱ्याच उशिराने वर आली, एकमेकांना हातवारे करून काय काय सांगत.

"माह्यामुळं झालं का?"

"असू दे."

दुसऱ्या बुडीत तेच. तिसऱ्या बुडीत त्याहून लवकर. दर वेळी "असू दे." आता ही मुलगी ओरडली असती तर मला परवडलं असतं. तिचं "असू दे" म्हणजे तिच्या बाबांचं वरण. मीठ किती आहे ते गिळल्यावर कळतं.

त्या संध्याकाळी ती गाईडशी बोलत उभी होती. मी टॉवेल वाळत घालायच्या निमित्ताने जवळ गेले. फळ्यावर तीन-चार दिवसांनी जायच्या ठिकाणाचं चित्र होतं: समुद्राखालची एक भिंत, वर उथळ आणि मग सरळ खोल दरी. भिंत संपते तिथे एक वळण. वळणापलीकडे मोठे ठिपक्यांचे मासे येतात म्हणे, पंखांसारखे पर असलेले, घारीसारखे उडत उडत. आपल्या कोकणात त्यांच्याच जातभाईंना पाकट म्हणतात. लेक सांगत होती, की ती मागे एकदा इथे आली होती. तेव्हा जोडीच्या मैत्रिणीचे कान दुखायला लागले आणि दोघींना वळणाच्या अलीकडून परतावं लागलं. वर आल्यावर बाकी सगळे त्या माशांबद्दलच बोलत होते. ती म्हणाली, त्या दिवशी मी जेवलेच नाही. ती म्हणाली, मी त्यांची चित्रं काढून ऑफिसात टेबलापाशी लावली आहेत. आणि पुन्हा ही बोट ठरवली ती फक्त त्या वळणासाठी.

मी ओला टॉवेल हातात धरून उभी. ही मुलगी एवढं बोलते? मला फोनवर तिने त्या सहलीबद्दल सांगितलं होतं, मला आठवतं. "गेलती. चांगलं होतं." माझ्या वाट्याला तीन शब्द आणि या गाईडच्या वाट्याला अख्खा धडा. आणि त्या वळणाच्या आड या खेपेला कान दुखणारी मैत्रीण नव्हती, मी होते.

रात्री जेवताना मीच विषय काढला. "माह्या सिलिंडरात हवा कमी भरून देतात का हे लोक?"

"आई!"

"नाई, मी विचारून राह्यली फक्त."

"सगळ्यायले सारखीच हवा असते." ती माझ्याकडे वळली. "आई, तू खाली बोलून राह्यली असते का?"

"बोलाले का तोंड मोकळं हाये? नळी धरली न दातात."

"नळी धरूनच बोलते तू. मले ऐकू येते. भुब् भुब् भुब् भुब्. सारखं. त्या फुटाणेवाल्या माशापाशी तर तू थांबलीच नाई."

मी काही म्हणायच्या आत, ते भुब् भुब् ऐकून समोर बसलेल्या आजोबांनी काटा-चमचा खाली ठेवला. लेकीने त्यांना इंग्रजीत सांगितलं की आम्ही कशाबद्दल बोलतोय. त्यांचा चेहरा आधी उजळला आणि मग पडला. म्हणाले, त्या तिन्ही बुड्यांत ते एका माशाचा आवाज ऐकत होते. आवाज काढणारे मासे असतात, पण एवढा लांब आणि चढउतारांचा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. काही नवीन सापडलं म्हणून ते कॅमेरा घेऊन प्रत्येक खडकाखाली डोकावत फिरले होते.

बोट हसली. स्वयंपाकी बाहेर येऊन हसला. मीही हसले, काय करणार. मग आठवू लागले, आणि खरंच की! मी खाली सगळं तिला सांगत होते. पाय वं तो मासा कसा चावून राह्यला. त्याचा रंग पाय, तुह्या आत्याच्या लग्नातल्या शालूचा. ती कणगी पाय. तुह्ये बाबा असते तर त्यायनं आतमधी हात घालून पाह्यला असता. माझी सगळी हवा यात गेली होती. वर बुलडाण्यात हवेला मोजमाप नाही म्हणून कधी कळलं नाही, एवढंच.

गाईडने मला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगितल्या. हात चालवायचे नाहीत, छातीशी धरायचे. आणि काहीही करायचं नाही. "काहीही" वर त्याने जोर दिला.

काहीही न करता राहायचं कसं, यावर मी पुष्कळ विचार केला. घरी मी भाजी निवडताना फोन करते आणि फोन करताना भाजी निवडते. मग मला शेगावची बारी आठवली. दर्शनाच्या रांगेत आपण बसलेलो असतो, पुढचा सरकला की आपण सरकतो. घाई करून उपयोग नसतो, उठून जाता येत नाही, बोलून बोलून शेजारीणही संपलेली असते. एक वेळ अशी येते की डोळे उघडे असतात आणि आपण नुसते असतो. मी ठरवलं, समुद्रात बारीत बसायचं.

दुसऱ्या दिवशी हात छातीशी बांधून मी खाली गेले. फुटाणेवाला मासा आला. मी बारीत. एक कासव माझ्या अंगावरून सावकाश गेलं, एखाद्या अधिकाऱ्याने टेबलाजवळून जावं तसं, कोणाकडे न बघता. गळ्यापर्यंत वाक्य आलं होतं. गिळलं. वर आले तेव्हा लेकीने तबकडी बघून डोळे मोठे केले.

"आई! किती उरली पाय!"

"बोलू नोको माह्याशी, सवय मोडीन."

दोन दिवस मी अशी बुडत राहिले आणि माझी हवा खरंच वाढत गेली. पाण्याखाली मुकी राहिल्याचा अनुशेष मी डेकवर भरून काढत होते, ते सोडा. पण भिंतीच्या आदल्या दिवशी मी गाईडला माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, की माझी हवा वळणापर्यंत पुरेल का? तो खरं बोलणारा माणूस होता. म्हणाला, वळणापर्यंत पुरेल. वळणापलीकडे थांबून परत यायला पुरणार नाही.

"मंग मी मध्येच वर आली तर?"

"मी येईन तुमच्याबरोबर. तुमची मुलगी या आजोबांच्या जोडीने पुढे जाऊ शकते. पण हे आज, वर असतानाच ठरायला हवं, तिघांच्या संमतीने. खाली गेल्यावर ऐनवेळी काही बदलायचं नसतं."

आजोबा तयार झाले. उरली लेक. ती पुढच्या टोकाला पाय सोडून बसली होती.

"नाई," ती म्हणाली. "मी तुले सोडून नाई जात."

"सोडून कायची? एवढा ताडासारखा गाईड देऊन राह्यली न तू मले."

"आपण दोघी आलो आई. सोबत जाऊ, सोबत येऊ. नाई दिसले तर नाई दिसले. असू दे."

"ते 'असू दे' समुद्रात टाक आधी!" माझा आवाज चढला. डेकवरची दोन माणसं वळली. "मी इथं कायले आली? मासे पाहाले? माह्या सात पिढ्यायनं मासा पाह्यला नाई, माह्यं काय अडलं? मी तुह्यासाठी आली. अन् माह्यामुळं तू पुन्हा तसंच वर आली, तर मी बुलडाण्याले जाऊन काय सांगू तुह्या बाबाले? की पोरीची हवा मी बोलून संपवली?"

ती हसली नाही. पाण्याकडे बघत राहिली. "तुले राग आलता का, मी त्या गाईडले सांगितलं अन् तुले नाई सांगितलं म्हणून?"

"आलता."

"मी सांगत होती आई. मागच्या खेपीले. तू मध्येच गॅसवाल्याचं सांगाले लागली."

मला तो गॅसवाला आठवला. गोष्ट तशी चांगली होती, पण आता ती सांगायची वेळ नव्हती एवढं मलाही कळलं. मी तिच्या शेजारी बसले. मीही पाय पाण्यावर सोडले. मग ती म्हणाली, "काटा खुणेवर आला की लगेच सांगाचं. उशीर नाई कराचा."

"नाई करत."

"अन् दोरीपाशी वर जाऊन थांबाचं. घाई नाई."

"हाव माय, हाव. तूच माह्यी आई."

भिंतीची कड ओलांडताना मला राजूरच्या घाटात खिडकीशी बसल्यासारखं झालं. पायांखाली एकदम काही नाही. नुसतं निळं, खाली गर्द होत गेलेलं. पण पडत नव्हते. दरीवर तशीच अधांतरी, हात छातीशी. आजोबा पुढे, लेक माझ्या बाजूला, गाईड मागे; बाकीची मंडळी दुसऱ्या गाईडबरोबर मागून उतरणार होती. भिंतीला डावीकडे ठेवून आम्ही जात राहिलो. मी बारीत होते. इतकी बारीत की मध्ये एकदा लेकीने वळून बघितलं, मी जागी आहे ना म्हणून.

वळण दिसायला लागलं आणि काटा खुणेवर आला. मी लगेच सांगितलं. हाताने जी खूण करायची ती केली. गाईड माझ्याजवळ आला. आजोबा थांबले. लेक माझ्यासमोर येऊन थांबली. काचेमागे तिचे डोळे. ठरलेलं सगळं ठरलेलं होतं, तरी ती हलेना.

तेव्हा मी खुणांच्या त्या परदेशी भाषेतलं काही केलं नाही. ताट वाढून झाल्यावर मधेमधे करणाऱ्या पोराला आपण पंजाच्या पाठीने हाकलतो, "जाय तिकडं", तसं केलं. ती गेली.

मी गाईडबरोबर सावकाश वर आले. पृष्ठभागाच्या जरा खाली बोटीची दोरी असते, तिला धरून थोडा वेळ थांबावं लागतं, अंगातल्या हवेला जुळवून घ्यायला वेळ देण्यासाठी. मी दोरीला धरून लोंबकळत होते. वर बोटीचं पोट, खाली सगळी भिंत आणि वळणाची कड, पाणी इतकं नितळ की वरून नकाशा बघावा तसं. दोन ठिकाणांहून बुडबुड्यांच्या माळा वर येत होत्या. त्यातली एक लेकीची. तिच्या पायातले पिवळे रबरी पंजे मला ओळखू आले.

आणि निळ्यातून ते आले. आधी सावल्या, मग पाठीवरचे पांढरे ठिपके. चार-पाच असतील. आभाळात घार पंख न हलवल्यासारखे हलवते ना, तसे. ते लेकीच्या समोरून गेले, दूर गेल्यासारखे झाले आणि पुन्हा वळले. ती जराही हलली नाही. दोन्ही हात छातीशी धरून ती त्या निळ्यात टांगल्यासारखी उभी होती आणि ते तिच्याभोवतीने फिरत होते, घरातल्या घरात असल्यासारखे.

गाईडने माझ्याकडे बघितलं. तो भुब् भुब् ऐकायच्या तयारीत असावा. मी काही बोलले नाही. मला सुचलंच नाही काही.

वर येऊन मी रबरी कपड्यातून अर्धी बाहेर निघाले होते, तेवढ्यात लेक शिडीवर आली. तिने तोंडातली नळी काढली नाही, थुंकली.

"आई! आई, आई, आई! आले! ते आले! बाप्पा, एवढे मोठे! आपल्या हॉलएवढे! मी तुले सांगते, आधी मले काहीच नाई दिसलं, मले वाटलं गेलं हेबी, मंग आजोबायनं असं बोट केलं..."

माझ्या तोंडावर आलं होतं: पाहिलं मी. सगळं पाहिलं. वरून तर आणखीनच छान दिसत होतं, तुला माहीत नाही तू कशी दिसत होतीस. गाईडनेही तोंड उघडलं होतं, "तुमच्या आईनेसुद्धा..." असं काहीतरी. मी त्याच्याकडे बघितलं. आमच्या ऑफिसात टपाल घेऊन भलत्या वेळी आलेल्या माणसाकडे मी असं बघते, आणि तो परत जातो. गाईड सिलिंडर उचलून निघून गेला.

लेक ओल्या कपड्यानिशीच फळीवर बसली. ठिपके कसे होते ते हाताने हवेत टिंबं देऊन दाखवलं. एकाची शेपटी तुटकी होती. एकाने तिच्याकडे डोळ्याला डोळा लावून बघितलं. जेवायची घंटा झाली, ताटात काय आलं ते तिने बघितलं नाही, खात खात सांगत राहिली. शेपटीवरून मैत्रिणीच्या कानावर गेली, मैत्रिणीवरून त्या वर्षी तिला नोकरीत कसं एकटं वाटायचं त्यावर, त्यावरून ती पहिल्यांदा तलावात बुडाली तेव्हा किती घाबरली होती त्यावर. यातलं मला काहीएक माहीत नव्हतं. मधून मधून मी "हं" म्हणत होते. पुढच्या बुडीची घंटा झाली. सगळे रबरी कपडे ओढू लागले, आजोबांनी कॅमेरा गळ्यात घातला आणि आम्हाला खूण केली, चला.

लेकीने मान वर करून बघितलं. "जाऊ द्या त्यायले," ती मला म्हणाली. "आपण नंतर जाऊ. तू ऐक न."

बोटीवर आम्ही दोघी आणि स्वयंपाकी उरलो. ती माझ्याकडे तोंड करून मांडी घालून बसली. मी नुसती बसले होते.

"मंग?" मी म्हटलं.